वीस जणींची तक्रार

दिल्लीत मॉरिशस हा देश बहुधा फायलींच्या रूपाने भेटतो. अर्थ मंत्रालयात तो दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराच्या फायलीत असतो, परराष्ट्र मंत्रालयात चागोस आणि आगालेगा बेटांच्या फायलीत. आणि १२ मार्च जवळ आला की तेथील राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यास कोणी जावे, या टिपणात. मराठी माणसाच्या मनात याखेरीज एक भावनिक पदर असतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या गिरमिटियांत मराठी बोलणारी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी मंडळ्या चालवतात आणि घरोघर गणपती बसवतात. मात्र फाइल काय किंवा भावना काय, या देशाचे स्वतःचे असे काही राजकारण आहे, आणि त्यातून आपणही काही शिकावे असे आहे, हे दोन्हींच्या नजरेतून निसटते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथे सत्तांतर झाले. नवीन रामगुलाम आणि पॉल बेरांजे यांच्या आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. आपल्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली ती भारताच्या सामरिक हिताच्या चष्म्यातून. त्याच महिन्याच्या अखेरीस नव्या सभागृहाने शिरीन ओमीरुद्दी-सिफ्रा या पंचाहत्तरीच्या घरातील वकील महिलेची सभापती म्हणून निवड केली. ती बातमी मात्र कोठल्या कोपऱ्यातही आली नाही. त्या पदावर बसणाऱ्या शिरीनबाई पहिल्या महिला नव्हेत. तो मान २०१४ सालीच माया हनुमानजी यांना मिळाला होता. शिरीनबाईंचे वेगळेपण निराळ्याच ठिकाणी आहे. ज्या सभागृहाच्या अध्यक्षस्थानी त्या २०२४ मध्ये बसल्या, त्याच सभागृहाने संमत केलेल्या कायद्यांविरुद्ध त्यांनी ४६ वर्षांपूर्वी संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली होती; आणि तीही त्या सभागृहाच्या निर्वाचित सदस्य असताना.

ती हकीकत समजून घ्यायची तर १९७० च्या दशकातील मॉरिशस डोळ्यांपुढे आणावा लागेल. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेला, जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा हा देश. राज्य इंग्रजांचे, कायदा नेपोलियनचा आणि प्रजा बहुतांशी बिहार, मद्रास आणि मुंबईकडून आणलेल्या मजुरांची, अशी तेथील इतिहासाची गुंतवळ होती. १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकले, तरी फ्रेंच दिवाणी संहिता तशीच चालू ठेवली. त्या संहितेत विवाहित स्त्री ही जवळजवळ अज्ञान व्यक्तीच मानली जाई. कुटुंबाचा कर्ता पती, आणि आर्थिक व्यवहारास संमतीही त्याचीच. स्वातंत्र्यानंतरही पहिली दहा-बारा वर्षे हीच स्थिती राहिली. स्त्रियांना मताधिकार १९४७ च्या घटनात्मक सुधारणांनी मिळाला होता आणि १९४८ मध्ये एमिलिएन रोशकूस्त निवडूनही आल्या होत्या. परंतु पहिली महिला मंत्री होण्यास १९७५ साल उजाडावे लागले. त्या राधामणी पुन्नूसामी. मळ्यांवरील लढ्यांत स्त्रिया कधीच मागे नव्हत्या. १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेल येथील गोळीबारात मारल्या गेलेल्या अंजली कूपन या गरोदर मजूर स्त्रीचे नाव पुढे एका क्रीडागाराला देण्यात आले. हुतात्म्यांच्या यादीत स्त्रीला जागा मिळण्यास विलंब लागत नाही. उमेदवारांच्या यादीची गोष्ट वेगळी असते.

स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९६९ मध्ये, 'एमएमएम' या नावाने ओळखला जाणारा डावा पक्ष उभा राहिला. संप, मोर्चे, दडपशाही हे सारे ओघाने आलेच. १९७१ च्या अखेरीस आणीबाणी पुकारली गेली, १९७२ मध्ये अपेक्षित असलेली निवडणूक लांबणीवर पडली. मे १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. त्याच काळात आपल्याकडेही काय चालले होते, हे या पृष्ठाच्या वाचकांस सांगावयास नको. डिसेंबर १९७६ मध्ये अखेर मतदान झाले, तेव्हा एमएमएम ७० पैकी ३४ जागा मिळवून सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु सर शिवसागर रामगुलाम यांनी विरोधकांपैकी एकाला हाताशी धरून सत्ता राखली. विरोधी बाकांवर बसलेल्या त्या ३४ जणांच्या बाजूला शिरीनबाई होत्या. स्त्रीवादी लीगच्या संस्थापकांपैकी एक, आणि व्यवसायाने बॅरिस्टर.

या लीगविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा प्रवास त्या प्रश्नाभोवती फिरतो. ती एमएमएमच्या छायेत वाढलेली संघटना होती. पक्षातील पुरुष नेत्यांचे म्हणणे त्या काळातील सर्व डाव्यांचे असे तेच होते: आधी वर्गलढा, मग स्त्रियांचे प्रश्न आपोआप सुटतील. ज्यांना हे पटले नाही, त्यांनी १९७६ मध्ये 'मुव्हमाँ लिबेरास्यों फाम' ही पक्षापासून अलग अशी संघटना काढली. स्त्री चळवळीने पक्षात शिरावे की पक्षाबाहेर राहून पक्षांना धाकात ठेवावे, हा वाद महाराष्ट्रातील स्त्रीमुक्ती चळवळीतही त्याच सुमारास झडला होता आणि तो कोठेच निकाली निघालेला नाही. शिरीनबाईंनी पक्षाचा मार्ग पत्करला. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विजय त्यांना पक्षाने मिळवून दिला नाही.

१२ एप्रिल १९७७ पासून दोन दुरुस्ती कायदे अमलात आले. एक परदेशी लोकांच्या देशप्रवेशासंबंधीचा, दुसरा हद्दपारीसंबंधीचा. तोवर मॉरिशसच्या नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला, ती पती असो वा पत्नी, त्या देशात राहण्याचा सारखाच हक्क होता. नव्या कायद्यांनी परदेशी पत्नींचा हक्क कायम ठेवला आणि परदेशी पतींचा काढून घेतला. मॉरिशसच्या पुरुषाने परदेशी वधू आणली तर ती घरची. मॉरिशसच्या स्त्रीने परदेशी वर केला तर तो उपरा. त्याने निवास परवान्यासाठी अर्ज करावा, तो देणे न देणे मंत्र्याच्या मर्जीवर, आणि नकार मिळाल्यास न्यायालयात दाद नाही. शिरीनबाईंचे पती परदेशी होते. त्यांचा अर्ज गेला आणि त्यावर वर्षानुवर्षे उत्तरच आले नाही. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला आपला संसार उद्या देशात राहील की नाही हे ठाऊक नव्हते. पतीबरोबर देश सोडावा तर सभागृहातील जागा सोडावी लागणार. जागा राखावी तर घर मोडणार. कायदा करताना तिला नमवण्याचा हेतू होता की नव्हता, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी परिणाम तोच होता.

मग देशातील न्यायालयात का जाऊ नये? येथेच त्या राज्यघटनेतील छिद्र उघडे पडते. भेदभावास मनाई करणाऱ्या सोळाव्या कलमात वंश, जात, जन्मस्थान, राजकीय मत, वर्ण आणि धर्म यांचा उल्लेख होता, लिंगाचा नव्हता. स्त्री आहे म्हणून भेदभाव झाला, ही तक्रार घटनेच्या भाषेत तक्रारच ठरत नव्हती. सुदैवाने मॉरिशसने डिसेंबर १९७३ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला होता, आणि त्यासोबत नागरिकाला थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे जाऊ देणारा ऐच्छिक मसुदाही. आणीबाणी लादणाऱ्या सरकारनेच हा दरवाजा उघडून ठेवावा, हा योगायोग मौजेचा आहे. बहुधा या दरवाजातून कोणी जाईल, असे सही करणाऱ्यांस वाटलेच नसावे.

मे १९७८ मध्ये वीस स्त्रियांनी ही तक्रार दाखल केली. तीन विवाहित, परदेशी पती असलेल्या, सतरा अविवाहित. या सतरा जणींकडे आपले लक्ष सहसा जात नाही, पण चळवळीचे मर्म त्यांच्यापाशी होते. त्यांचे घर तूर्त मोडणार नव्हते. उद्या आपण कोणाशी विवाह करावा हे मंत्र्याच्या परवान्यावर अवलंबून राहू नये, एवढ्यासाठी त्यांनी आपल्या सरकारविरुद्ध नावानिशी सह्या केल्या. आणि त्या काळच्या त्या चिमुकल्या बेटावर, जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. सरकारचा बचाव असा होता, की मॉरिशसच्या स्त्रियांशी विवाह केलेल्या काही परदेशी व्यक्तींवर राज्यविरोधी कारवायांचा संशय आल्याने हे कायदे करावे लागले. शिवाय भेदभाव असलाच तर तो पती-पत्नींच्या लिंगावरून आहे, अशी कबुलीही सरकारने देऊन टाकली!

९ एप्रिल १९८१ रोजी समितीने आपले मत दिले. सतरा अविवाहित स्त्रियांबाबत समितीने म्हटले, की त्यांना प्रत्यक्ष बाधा पोचलेली नाही. तिघी विवाहितांबाबत मात्र निर्णय निःसंदिग्ध होता: देशाच्या संरक्षणाची सबब खरी मानली तरी तीच सबब परदेशी पत्नींनाही लागू करता आली असती, केवळ पतींना लागू करणे हा कौटुंबिक जीवनाच्या हक्कातील लिंगभेद आहे. राजकारणात भाग घेण्याच्या हक्काचा भंग झाला, हे शिरीनबाईंचे म्हणणे मात्र समितीने मान्य केले नाही. त्या सभागृहाच्या सदस्य आहेत आणि त्यांना कोणी अडवलेले नाही, असे समितीचे उत्तर होते. तर्क म्हणून ते निर्दोष असेल. पण ज्या बाईच्या डोक्यावर घर मोडण्याची तलवार टांगलेली आहे, ती मोकळेपणाने सरकारवर टीका करू शकते, हे गृहीत धरणारे पंच बहुधा कधी विरोधी बाकांवर बसलेले नसावेत. त्याच वर्षी, चार महिन्यांनी, कॅनडालाही आदिवासी स्त्रीच्या प्रकरणात याच समितीपुढे हार पत्करावी लागली. लिंगभेदाच्या प्रश्नावर या समितीचे पहिले पाऊल पडले ते मात्र मॉरिशसच्या तक्रारीवर.

आपण भारतीयांनी यावर मान डोलावून पुढे जाऊ नये. त्याच काळात आपल्या परराष्ट्र सेवेत महिला अधिकाऱ्याला विवाहापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि विवाहानंतर ती कामास अडथळा ठरते असे सरकारला वाटल्यास राजीनामा मागता येई. सी. बी. मुथम्मा यांनी या नियमांना आव्हान दिले तेव्हा १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यांवर कठोर ताशेरे ओढले. परदेशात जन्मलेल्या अपत्याला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळू लागले ते १९९२ च्या दुरुस्तीनंतर. तोवर वंशाने मिळणारे नागरिकत्व केवळ पित्याकडून चालत असे. फरक इतकाच, की आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात लिंग हा शब्द पहिल्या दिवसापासून होता, म्हणून मुथम्मांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता आले. शिरीनबाईंना ते दार नव्हते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय करार स्वीकारणारा, पण ऐच्छिक मसुद्यावर सही न करणारा भारत जेव्हा 'आमची न्यायालये समर्थ आहेत' असे सांगतो, तेव्हा त्यात तथ्य आहे. पण न्यायालये समर्थ असलेल्या देशाला बाहेरच्या कानांची भीती का वाटावी, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

पुढचा भाग झपाट्याने घडला. जून १९८२ च्या निवडणुकीत एमएमएम आणि समाजवादी पक्षाच्या आघाडीने साठपैकी साठ जागा जिंकल्या. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले आणि शिरीनबाई महान्यायवादी व स्त्रीहक्क खात्याच्या मंत्री. समितीपुढे राज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारी बाई आता त्या राज्याची कायदेशीर सल्लागार होती! (ज्या कर कराराची फाइल नॉर्थ ब्लॉकने पुढे तीन दशके चाळली, तो याच सरकारच्या काळात, ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. भारताला त्या मंत्रिमंडळाची आठवण राहिली ती याच कारणाने.) मार्च १९८३ मध्ये दोन्ही कायदे दुरुस्त झाले आणि दुरुस्ती १२ एप्रिल १९७७ पासूनच लागू मानण्यात आली, म्हणजे तो भेदभाव जणू कधी झालाच नव्हता. त्याच मार्च महिन्यात आघाडी फुटली, एमएमएमचे मंत्री बाहेर पडले. मंत्रिपद नऊ-दहा महिने टिकले. पण हवा होता तो कायदा बदलला होता.

यावरून पक्षाचा मार्गच खरा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. आम्हाला तो घाईचा वाटतो. १९७७ चा कायदा मागे घेणे नव्या सरकारला सोपे गेले, कारण त्याचा निषेध आधीच जगापुढे झाला होता; आणि तो झाला, कारण विसांपैकी बहुसंख्य स्त्रिया कोणत्याही मंत्रिपदाच्या आशेने आलेल्या नव्हत्या. जेथे असा बाहेरचा दाब नव्हता तेथे कायदा मुंगीच्या पावलांनी चालला. विवाहित स्त्रीचे दिवाणी कायद्यातील दुय्यमत्व १९८० च्या दशकाच्या आरंभी हटले, हे खरे. पण सोळाव्या कलमात लिंग हा शब्द घालण्यास १९९५ साल लागले, आणि तेव्हाही विवाह, दत्तक, वारसा यांसारख्या व्यक्तिगत कायद्याच्या बाबी त्या कलमाच्या कक्षेबाहेरच राहिल्या. शाहबानोनंतरचा भारत पाहिलेल्यांस या अपवादाचे राजकारण उलगडून सांगण्याची गरज नाही. गर्भपाताला गुन्हा ठरवणारे १८३८ चे कलम २०१२ मध्ये थोडे सैल झाले, तेही मोजक्या परिस्थितींपुरते.

आणि खुद्द शिरीनबाई? त्या नगराध्यक्ष झाल्या, फ्रान्समध्ये राजदूत झाल्या, २००३ मध्ये देशाच्या पहिल्या बाल हक्क लोकपाल झाल्या, नंतर लोकसेवकांच्या नियुक्त्यांसंबंधीच्या अपील न्यायाधिकरणाच्या प्रमुख. सारी पदे मानाची, आणि त्यांनी ती कर्तबगारीने भूषवली. परंतु यादी नीट वाचली तर दिसते, की उत्तरार्धातील जवळजवळ प्रत्येक पद नियुक्तीचे आहे. सभापतिपदही तसेच, मॉरिशसमध्ये सभापती सभागृहाबाहेरून निवडता येतो आणि शिरीनबाईंनी २०२४ ची निवडणूक लढवलेली नव्हती. पक्षांना कर्तबगार स्त्रीचे वावडे नसते. वावडे असते ते तिला मतदारसंघ देण्याचे. नियुक्ती नेत्याच्या हातात राहते. मतदारसंघ एकदा दिला की तो त्या बाईचा होतो.

मॉरिशसमध्ये हा पेच अधिक घट्ट होण्याचे कारण तेथील जातजमातीचे गणित. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा. प्रत्येक पक्ष या तीन जागांवर त्या त्या भागातील समाजांचा मेळ घालतो. शिवाय 'बेस्ट लूजर' म्हणजे सर्वाधिक मते मिळवलेल्या पराभूतांतून आठ जणांना जमातनिहाय सभागृहात घेण्याची तरतूद आहे; आणि त्यासाठीची जमातीची आकडेवारी आजही १९७२ च्या जनगणनेची! घटनेच्या लेखी मराठी भाषक हे हिंदूंत मोडतात, पण तिकीटवाटपात मराठी, तमिळ, तेलुगू अशी वेगळी मोजदाद होते. 'आमच्या समाजाचा एक तरी मंत्री हवा' ही मागणी तेथील मराठी मंडळींनाही अपरिचित नाही. एक जागा समाजाला द्यावयाची ठरली की ती त्या समाजातील वजनदार पुरुषाकडे जाते. स्त्रीचा विचार झालाच तर जागा उरल्यावर. परिणाम आकड्यांत दिसतो. २००० मध्ये सत्तर सदस्यांत चार स्त्रिया होत्या. २००५ मध्ये बारा झाल्या, तेव्हा आता वाट मोकळी झाली असे वाटले. २०१४ मध्ये त्या पुन्हा आठवर आल्या, २०१९ मध्ये चौदा. लाट नेत्याची असते, तशी भरतीओहोटीही त्याच्याच लहरीची.

गंमत अशी, की या गणिताला पहिला धक्का पुन्हा त्याच दरवाजातून बसला. आपली जमात जाहीर करण्यास नकार दिल्यामुळे ज्यांचे उमेदवारी अर्ज बाद झाले, अशा काही कार्यकर्त्यांनी मानवाधिकार समितीकडे धाव घेतली. २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले, आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती जमात न सांगण्याची मुभा देणारी तात्पुरती घटनादुरुस्ती झाली. वीस जणींनी १९७८ मध्ये ती वाट मळवली नसती, तर हे सुचले असते का, याचा विचार करण्याजोगा आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांत मात्र कायद्यानेच काम केले. २०११ च्या कायद्याने प्रत्येक पक्षाच्या यादीत दोन्ही लिंगांचे किमान एकतृतीयांश उमेदवार असणे बंधनकारक केले. 'स्त्रियांसाठी राखीव' हा शब्द त्यात मुद्दामच टाळला होता, जेणेकरून घटनेतील समानतेच्या कलमाशी झगडा नको. २०१२ च्या निवडणुकीत स्थानिक संस्थांतील स्त्री सदस्यांचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून २६.२ टक्क्यांवर गेले. राखीव जागा न ठेवता, केवळ उमेदवारीच्या यादीवर बंधन घालून. आपल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांपेक्षा हा मार्ग निराळा आहे. महाराष्ट्रात 'सरपंचपती' नावाची जी जमात निर्माण झाली, ती तेथे कितपत आढळते याचा कोणी तुलनात्मक अभ्यास करावा.

हेच बंधन राष्ट्रीय सभागृहाला लावावे, असे सर्वच पक्ष म्हणतात. डिसेंबर २०१८ मध्ये तसे घटनादुरुस्ती विधेयक आलेही. पण त्यात एकतृतीयांश उमेदवारीची तरतूद ही प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि बेस्ट लूजर यांच्या वादग्रस्त फेररचनेशी एकत्र बांधली होती. त्यासाठी तीनचतुर्थांश बहुमत हवे होते. ते जमले नाही आणि विधेयक बारगळले. कोणाचाच विरोध नसलेली गोष्ट सर्वांचा विरोध असलेल्या गोष्टीशी बांधून बुडवण्याची ही कला आपल्यालाही अवगत आहे. १९९६ मध्ये लोकसभेत प्रथम मांडलेले महिला आरक्षण २०२३ मध्ये संमत झाले, तेही जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेच्या खुंटीला बांधूनच. मॉरिशसमध्ये २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुका जुन्याच नियमांनी झाल्या. २०२४ मध्ये निवडून आलेल्या आघाडीपाशी तीनचतुर्थांशांहून पुष्कळ अधिक जागा होत्या, आणि सभापतीच्या आसनावर त्यांनी बसवलेल्या बाईंना या विषयाचा इतिहास कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. विधेयक मांडणे मात्र सभापतीच्या हाती नसते.